घोडं नेमकं कुठं पेंड खातं? घोडा पाळणाऱ्यांना (आणि त्यांच्या शेजाऱ्यांना) वारंवार पडणारे प्रश्न

आमचा तबेला दौंड तालुक्यात, भीमेपासून फार लांब नाही. चहूकडे ऊस, पायाखाली काळी माती आणि दावणीला तीन जनावरं. मैना ही मारवाडी घोडी, सुलतान हा खच्ची केलेला काठेवाडी आणि बाब्या हा भीमथडी तट्टू. उंचीनं सगळ्यांत लहान आणि उपद्व्यापात सगळ्यांत मोठा बाब्याच. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून प्रश्न विचारतात, नवा घोडा घेतलेले रात्री अकरा वाजता फोन करतात, आणि प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदा लिहूनच काढले. हा डॉक्टरचा सल्ला नाही. जनावर आत्ता दुखत असेल तर वाचत बसू नका, डॉक्टरला फोन लावा.

ताई, तुमचं घोडं मेलंय, माहीत आहे का?

नाही मेलेलं. झोपलंय. हा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि दर वेळी मी चप्पल पायात घालेपर्यंत छातीत धडधडतच. घोडा उभ्यानं झोपतो हे सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं, त्यामुळे तो उन्हात आडवा, चारी पाय पसरून दिसला की लोक हळहळतात. उभ्यानं तो डुलकी काढतो. मागच्या पायाचा सांधा अडकवून ठेवायची सोय त्याच्या शरीरातच असते, म्हणून डुलकी लागली तरी तो कोसळत नाही. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, रोज थोडा वेळ तरी. ज्या घोड्याला जागा अडचणीची वाटते किंवा आजूबाजूला धाकधूक वाटते, तो दिवसचे दिवस आडवा होत नाही आणि मग उभ्या उभ्या पेंगून गुडघ्यावर आपटतो. तेव्हा रस्त्यावरून आडवा घोडा दिसला तर तो सुखी आहे असं समजा. फक्त पोटाची धाप बघा. ती संथ असेल तर आपल्या वाटेनं जा.

रोज खातो तरी किती?

साधारण चारशे किलोचा घोडा धरला तर कोरडी वैरण दिवसाला सहा ते आठ किलो. म्हणजे महिन्याला दोन क्विंटलच्या आसपास, एका जनावराला. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, एप्रिल-मेमध्ये आणि काम असेल तेव्हा त्याहून बरंच जास्त. चंदी, म्हणजे दाणा, कामाप्रमाणे. नुसता उभा असलेल्या घोड्याला चंदीची फारशी गरज नसते, हे मला कळायला दोन वर्षं आणि एक लठ्ठ सुलतान लागला. तुमच्याकडच्या वैरणीच्या भावानं गुणाकार करा आणि मग घरच्यांशी बोला. आधी बोलू नका.

घोड्याचं पोट एवढं मोठं दिसतं, पण त्यातली जठराची पिशवी आठ ते पंधरा लिटरची. तो दिवसातले पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहण्यासाठी घडलेला प्राणी आहे. आपण त्याला सकाळ-संध्याकाळ दोन पाट्या टाकून मोकळे होतो. पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

म्हशीची पेंड आहे घरात, तीच दिली तर?

घोडं खरंच पेंड खातं ते इथं. गोठा आणि तबेला एकाच आवारात असला की हा मोह होतोच. नुसती साधी पेंड मूठभर गेली म्हणून काही बिघडत नाही. भीती आहे ती तयार पशुखाद्याची. गाई-म्हशींच्या आणि विशेषतः कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाय ते पचवते. घोड्याचं मात्र हृदय त्यानं बंद पडतं, आणि त्याला फार थोडी मात्रा पुरते. पोत्यावरचं बारीक अक्षर वाचा, आणि वाचता येत नसेल तर ते पोतं घोड्याच्या तोंडापासून लांब ठेवा.

गव्हाचा भुसा गूळ घालून रोज घमेलंभर द्यायची पद्धतही आपल्याकडे आहे. घोडे तो आवडीनं खातात. पण भुशात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. रोज तोच दिला की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घ्यायला लागतं आणि काही महिन्यांनी चेहऱ्याची हाडं फुगलेली दिसतात. नुसत्या नेपियर गवतावर ठेवलेल्या घोड्यालाही हाच त्रास होतो. कारण वेगळं, त्या गवतातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून आमच्याकडे कडब्याच्या कुट्टीबरोबर लसूणघास असतो, तोही बेतानं. कोवळी हिरवी ज्वारी जनावराला विषासारखी लागते, हे दौंडात कोणाला सांगायची गरज नाही.

बाब्यानं चंदीची कोठी उघडली. आता?

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीच पहाटे साडेपाचला डॉक्टरांना विचारला होता. बाब्यानं दाताने कडी सरकवली, झाकण नाकानं उचललं आणि रात्रभर हरभरा आणि सातू यांचा समाचार घेतला. सकाळी स्वारी एकदम प्रसन्न. मला वाटलं, बरा दिसतोय की, बघू संध्याकाळी.

डॉक्टरांनी तिथंच झापलं. घोड्याला ओकता येत नाही. आत गेलं ते आत गेलं. एवढं धान्य आतड्यात आंबलं की विष रक्तात जातं आणि त्याचा मार बसतो तो खुरांना. खुराच्या आतलं हाड ज्या पडद्यांनी भिंतीला धरून ठेवलेलं असतं, ते पडदेच सैल होतात. याला लॅमिनायटिस म्हणतात. लंगडणं दिसतं एक ते तीन दिवसांनी, आणि दिसेपर्यंत नुकसान झालेलं असतं. म्हणून घोडा ठणठणीत दिसत असतानाच डॉक्टर आला पाहिजे आणि पायांना बर्फ लागला पाहिजे, तोही तासाभरासाठी नाही, दोन-तीन दिवस सतत. एवढा बर्फ गावात आणायचा कुठून? रसवंतीवाल्याकडून. त्यानं लाद्या दिल्या, पैसेही घेतले नाहीत, फक्त दर वेळी विचारलं, "रस पाजताय का घोड्याला?" बाब्या वाचला. त्या दिवसापासून कोठीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात. मंगळसूत्राशेजारी ती बघून सासूबाईंनी काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

पोटात कळ आलीय हे ओळखायचं कसं?

पुढच्या पायानं जमीन उकरतो, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघतो, खायचं सोडतो, सारखा बसतो-उठतो, लोळतो, घाम येतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लीद थांबते. निरोगी घोडा दिवसाला आठ-बारा वेळा लीद टाकतो. त्यामुळे आमच्या घरात सकाळी पहिली चौकशी माणसांच्या तब्येतीची होत नाही. मामा (आमचे मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे, वय सत्तर) आत येतात तेच "मैनाची लीद झाली" असं सांगत. पाहुण्यांना सवय नसते.

डॉक्टर येईपर्यंत समोरची वैरण काढून घ्या. जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवून नाडी मोजा. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते. साठच्या वर गेली असेल तर डॉक्टरांना फोनवर तोच आकडा आधी सांगा, "लई तळमळतोय हो" हे नंतर. ताप नव्याण्णव ते एकशे एक फॅरनहाइट असेल तर ठीक. हळूहळू फिरवा, पण दमवू नका. रात्रभर पळवत ठेवलेला घोडा कळीनं नाही, दमणुकीनं बसलेला मी पाहिलाय.

आणि नाळीनं तेल पाजू नका. प्रत्येक गावात एक जाणता माणूस असतोच, जो बांबूची नाळ घेऊन येतो, घोड्याचं तोंड आभाळाकडे करतो आणि अर्धा लिटर गोडेतेल ओततो. त्यातलं थोडं जरी श्वासनलिकेत गेलं तर पोटदुखी राहते बाजूला आणि न्युमोनियानं घोडा जातो. डॉक्टर तेल देतात ते नाकातून नळी घालून थेट जठरात. जाणत्या माणसाला चहा द्या, तंबाखू द्या, गप्पांत गुंतवा.

गावाकडचे बहुतेक डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले असतात. घोडा त्यांच्याकडे वर्षातून एखादा येतो. यात त्यांचा दोष नाही. घोडा घेण्याआधीच चौकशी करा की घोड्याला हात लावणारा डॉक्टर किती अंतरावर आहे. आमच्या भागातले लोक अडलं की शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची वाट धरतात. घोडा टेम्पोत चढत असेल तर. त्याबद्दल पुढे.

नालबंद "निघालोय, रस्त्यातच आहे" म्हणतो. म्हणजे कधी?

परवा.

खुराची वाढ महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर. म्हणजे सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासून पुन्हा बसवायची, ती घासली असो वा नसो. पूर्वी प्रत्येक बाजाराच्या गावात नालबंद होता, कारण बैलांनाही नाल लागायची. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि नालबंदांची पोरं दुसऱ्या कामाला लागली. आमचे चाचा तीन तालुके बघतात, त्यामुळे त्यांच्यावर रागावून चालत नाही. मी त्यांना पुढची तारीख सहा आठवडे आधी देते, आदल्या आठवड्यात आठवण करते, त्या दिवशी मटण करते. तरी परवाच येतात. पण मटण वाया जात नाही.

नाल पडते ती नेहमी चुकीच्या दिवशी. गेल्या पावसाळ्यात सुलतानची पुढच्या डाव्या पायाची नाल विहिरीच्या वाटेवर काळ्या चिखलात गेली. तीन दिवस मी आणि मामा पायानं चाचपत होतो. ती अजून सापडलेली नाही. काळजी नालेची नाही, तिच्यात राहिलेल्या खिळ्यांची आहे. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. लस प्रत्येकाला असलीच पाहिजे. ती टोचून घ्या आणि तारीख तबेल्याच्या भिंतीवर खडूनं लिहा, कारण वही हरवते.

पावसाळ्यात खुराला घाण वास येतो.

खुराच्या तळव्याला मधोमध जो मऊ त्रिकोणी भाग असतो, त्याच्या खाचेत लीद-मूत साचून कुजतं. काळा पातळ स्राव येतो, आणि वास असा की एकदा आला की आयुष्यभर ओळखाल. रोज खूर उचलून आकडीनं साफ करणं आणि उभं राहायला कोरडी जागा देणं, एवढाच उपाय. औषधं नंतर. आम्ही दावणीची जागा वीटभर उंच करून वर मुरूम टाकला. त्यानंतर निम्मा त्रास गेला.

एवढा मोठा घोडा प्लास्टिकच्या पिशवीला घाबरतो?

हो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, मोठ्यानं गाणी लावलेला ट्रॅक्टर अंगावरून गेला तरी मैना कान हलवत नाही. तिथंच बाभळीला अडकलेली गुटख्याची पुडी फडफडली की ती बाजूच्या शेतात.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कपाळासमोरचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागचा भाग तेवढा दिसत नाही. काहीतरी हललं एवढं त्याला चटकन कळतं, काय हललं ते कळायला वेळ लागतो. दरम्यान तो पळून मोकळा झालेला असतो. ट्रॅक्टर रोजचा, दुरून ऐकू येणारा. पुडी नवी. आणि काल एका बाजूनं पाहिलेली तीच पुडी आज परतताना दुसऱ्या बाजूनं दिसली तर ती पुन्हा नवी वाटू शकते. मारून उपयोग नाही. मारलं तर पुडी दिसली की मार बसतो, एवढंच तो शिकतो. उतरा, पुडी हातात घ्या, तिला हुंगू द्या. शेजारी हसतील.

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळून बांधला होता, तरी खोगीर फिरलं आणि मी पोटाखाली.

तंग आवळताना घोडा पोट फुगवतो. सुलतान तर मी खोगीर उचललं की आधीच श्वास भरून उभा राहतो. तुम्ही भरल्या पोटावर बांधता, तो चार पावलांनी श्वास सोडतो आणि तंग दोन बोटं ढिला. एकदा बांधा, दहा पावलं चालवा, पुन्हा आवळा, आणि मगच रिकिबीत पाय. गावात पहिल्यांदाच मिरवायला निघालेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. गावाला करमणूक हवी असते.

पायावर पाय दिला तर?

ओरडू नका आणि पाय ओढू नका. त्याच्या खांद्याला रेटा द्या, तो वजन दुसऱ्या पायावर घेईल. हे मला माहीत आहे. माहीत असूनही दर वेळी मी आधी पाय ओढते आणि मग ओरडते. तबेल्यात चप्पल घालून येऊ नका. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख आता कोणत्याच नेलपॉलिशच्या कामाचं राहिलेलं नाही.

घोडा सुटला. धरायचा कसा?

सर्वांत आधी, त्याच्यामागे पळू नका. तुम्ही पळालात की त्याच्या लेखी खेळ सुरू, आणि या खेळात आजवर कुठला माणूस जिंकलेला नाही.

आमच्याकडची मोठी पळापळ दिवाळीतली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पलीकडच्या वस्तीवर फटाक्यांची माळ लागली. मैना पिछाडी (मागच्या पायांचा दोर) तोडून, दावं घेऊन चौखूर सुटली. तिच्यामागं सुलतान. बाब्या सुटलेला नव्हता, पण एकट्याला करमेना म्हणून त्यानंही खुंटा उपटला. तिघं अंधारात उसात शिरले. आमच्या भागात उसात बिबटे असतात, त्यामुळे आत जायला कोणी तयार नाही. दहा-बारा माणसं बॅटऱ्या घेऊन बांधावर उभी, प्रत्येक जण दुसऱ्याला वाट सुचवतोय. शेवटी मामा म्हणाले, "सगळ्यांनी गप बसा. दिवे बंद करा." आणि त्यांनी पत्र्याच्या डब्यात मूठभर हरभरे टाकून डबा हलवला. खुळखुळ, खुळखुळ. दुसऱ्या मिनिटाला उसातून बाब्याचं डोकं बाहेर. त्याला धरून हळूहळू तबेल्याकडे चालवलं, तर मागं मागं बाकीचे दोघं आपणहून आले. घोड्याला कळप सोडवत नाही. एक धरला की बाकीचे येतात, फक्त धरायचा कोणता ते ओळखता आलं पाहिजे. आमच्याकडे तो नेहमी खादाडच असतो.

शेजाऱ्याचा दोन गुंठे लागणीचा ऊस तुडवला गेला. सकाळी मी पैसे घेऊन गेले. ते म्हणाले, "पैशाचं बघू, आधी सांगा, घोडं फटाक्याला भितं तर तुम्ही त्याला आधीच दुसरीकडं का नाही नेलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता दर दिवाळीला तिन्ही जनावरं आठवडाभर नदीकडच्या मळ्यात असतात.

सारंगखेड्याला जाऊन घोडा घ्यावा का? काय बघायचं?

जा. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा, आणि तिथला घोडेबाजार एकदा तरी बघावा असाच. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा, हाताच्या इशाऱ्यावर नाचणारे. पहिल्या वर्षी नुसतं बघायला जा आणि पैसे घरी ठेवून जा. मी ठेवले नव्हते. म्हणून मैना आहे.

घेणारे आधी केसांचे भोवरे बघतात. कपाळावरचा कुठला, गळ्यावरचा कुठला, कुठला धन्याला लाभतो आणि कुठला घर बुडवतो. मग रंग. चारी पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याणी, म्हणजे किंमत वर. मी कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाही, पण भोवऱ्यावर घोडा चालत नाही, पायावर चालतो. व्यापाऱ्यानं नाचवून दाखवलेला बघू नका. भल्या पहाटे, तो खुंट्यावरून सोडला जात असताना, पहिली वीस पावलं बघा. लंगडेपणा असलाच तर तेव्हा दिसतो, वेदनाशामकाचं इंजेक्शन बसायच्या आत. तोंड उघडून दात बघा. समोरचे मधले दोन पक्के दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यानंतर दातावरून वय सांगणारा माणूस जितक्या ठामपणे बोलेल तितका कमी विश्वास ठेवा. आणि ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल मागा. या रोगावर लस नाही, तो माणसालाही होतो आणि घोड्यात निघाला तर घोडा मारावा लागतो. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातात. "आपल्या माणसाचं जनावर आहे, कागद कशाला" असं जो म्हणतो, तो आपला माणूस नसतो.

घेतला, पण टेम्पोत चढत नाही.

पुढून चार जण ओढतायत, मागून दोन ढकलतायत, एक जण चाबूक फिरवतोय आणि घोडा पुढचे पाय रोवून उभा. हे दृश्य बाजार उठताना सगळीकडे. घोड्याच्या बाजूनं बघा. समोर अंधारी खोली, पोकळ वाजणारी जमीन आणि ती हलते. मी असते तर मीही चढले नसते.

मैनेला आणताना आम्ही तीन तास घालवले. शेवटी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं टेम्पो उतारावर, बांधाला टेकवून मागं लावायला सांगितला. म्हणजे फळीचा चढ गेला आणि जमीन सपाट आली. आत वाळलेलं गवत पसरलं आणि त्याचं स्वतःचं तट्टू आधी चढवलं. त्याच्यामागून मैना अशी चढली, जणू तिनं तिकीट काढलंय. मग तट्टू उतरवून घेतलं. तिनं रात्रभर हाका मारल्या. नवीन जागी परकं पाणी घोडे पीत नाहीत आणि त्यातून पोटाचा त्रास होतो. घरी निदान चार दिवस आधीपासून पाण्यात थोडा गूळ टाकायची सवय लावली तर कुठलंही पाणी त्याला घरचंच वाटतं. हे मला मैना आणल्यावर कळलं.

भाच्याचं लग्न आहे, वरातीला घोडी द्याल ना?

नाही. या एका शब्दानं आमची दोन घरांशी बोलाचाली बंद आहे, तरी नाहीच. भिंतीएवढे स्पीकर, कागदाचे फवारे, कानाशी फुटणारे फटाके, पायात घुटमळणारी पोरं आणि पाठीवर आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला, फेट्यानं अर्धं दिसेनासं झालेला नवरदेव. वरातीच्या घोड्या वेगळ्या असतात, वर्षानुवर्षं तालमीच्या. त्यांच्या मालकाला त्याचे पैसे द्या. मैना देवळातल्या घंटेला बिचकते.

लाकूड चावतो, हवा गिळतो, सारखा डुलतो. खोड कशी मोडायची?

आजीचं जुनं कोडं आठवा. भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच: फिरवलं नाही म्हणून. भाकरीचं मला माहीत नाही, घोड्याचं शंभर टक्के खरं आहे. तेवीस तास एका जागी बांधलेला घोडा गव्हाण चावतो, दुगाण्या झाडतो, दार ठोकतो. लोक गव्हाणीला मिरचीची पूड लावतात, गळ्याला पट्टा बांधतात. आम्हीही केलं सगळं. सुलतान मिरचीसकट लाकूड खायचा. शेवटी बांधाकडेला अर्धा एकर तारेचं (काटेरी नाही, साधी पट्टी) कुंपण केलं आणि तिघांना दिवसभर एकत्र सोडलं. वैरण सहा ठिकाणी थोडी थोडी. डुलणं पूर्ण गेलं नाही, जुनी खोड आहे, पण गव्हाणीचं लाकूड मात्र तेच टिकून आहे.

आंघोळ घातली की लगेच चिखलात का लोळतो?

कारण तुम्ही आंघोळ घातली.

लीद मिळेल का?

मिळेल, न्या, कितीही न्या. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो टाकतो. ताजी झाडाच्या बुंध्याशी टाकू नका, कुजवून वापरा. अळिंबीवाले आले तर त्यांना आधी.

काळ्या घोड्याची नाल पाहिजे होती, शनिवारच्या आत.

दर आठवड्याला एक तरी गाडी यासाठी थांबते. आमच्याकडे काळा घोडा नाही. मैना कुमैत, सुलतान राखाडी, बाब्या मातीच्या रंगाचा, धुतला तरी. एक गृहस्थ म्हणाले, "सुलतान लांबून काळाच दिसतो की." दुसऱ्यांनी विचारलं, नालेला काळा रंग लावून देता का. चाचा जुन्या नाला गोळा करून नेतात, त्यांना विचारा. आणि अगदीच निकड असेल तर विहिरीच्या वाटेवर एक पडलीय, पुढच्या डाव्या पायाची. शोधा, सापडली तर तुमची. फक्त खिळे मला आणून दाखवा. सहा होते.